शिडी आल्याशिवाय नाही

कुरखेड्याला मुलांच्या वसतिगृहाचं काम मला मिळालं, तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्या, क्वार्टर, शाळा, दवाखाने, सगळंच उभं करायचं होतं. मोठी कामं नागपूरचे ठेकेदार घेत, लहान कामं आमच्यासारख्यांच्या वाट्याला येत. मी चिमूरचा. तिकडे शाळेच्या खोल्या आणि समाजमंदिरं बांधलेली. पाया कंबरेएवढा खोदला की भागलं, एवढीच माझी खोदकामाशी ओळख. कुरखेड्याची जागा मात्र धानाच्या बांधीतली, म्हणजे भातखाचरातली निघाली. वर चिकण माती, खाली पिवळी, ओलसर. पक्की जमीन लागावी म्हणून पाया पुरुषभर खोल गेला आणि तरी खाली जातच राहिला.

त्या खड्ड्यावर मला लोणारे साहेब पहिल्यांदा भेटले. बांधकाम खात्याचे शाखा अभियंता. प्रल्हाद लोणारे. वय माझ्याएवढंच, तिशीच्या आतबाहेर. उंच, सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पँटला लावलेली क्लिप दिवसभर तशीच राहायची. त्यांनी पायाचा तळ पाहून होकार दिला की दुसऱ्या दिवशी काँक्रीट टाकायचं होतं. गिट्टी, रेती, मिक्सर, सगळं येऊन पडलं होतं.

मी म्हटलं, “चला सायेब, खाली उतरून पाहून घ्या.”

ते काठापासून चांगले लांब उभे राहिले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “शिडी कुठी हाय?”

“शिडी कायले पाह्यजे? मातीत पाय ठेवाले खाचा पाडल्या हायेत. सगळे तसेच चढतेत.”

“मंग सगळ्यायले वर बोलवा. शिडी आल्याशिवाय कोणी उतरत नाई.”

मला वाटलं, साहेबांना कपडे मळवायचे नाहीत. मी म्हटलं, “तुमच्यापुरती आणतो शिडी, मानसायचं काम चालू राहू द्या.”

ते शांतपणे म्हणाले, “सायेबाले शिडी आन् मजुराले खाच, असं करारात कुठी लिवलं नाई भाऊ.”

आणि मोहाच्या झाडाखाली जाऊन त्यांनी डबा उघडला. मजूर वर आले, तेही सावलीत बसले. साहेबांनी प्रत्येकाला नाव विचारलं, गाव विचारलं, आपल्या डब्यातली वांग्याची भाजी पुढे केली. मी माणूस पिटाळून बाजारातून छप्पर शाकारणाऱ्याची बांबूची शिडी मागवली. ती लावली तर वरचं टोक बरोबर जमिनीशी आलं. साहेबांनी मान हलवली. “वरतून कंबरेइतकी निघाली पाह्यजे. शेवटच्या पायरीवर हातानं काय धराल?” ती शिडी परत गेली. दुसरी येईस्तोवर उन्हं कलली. मग त्यांनी आधी मला उतरायला लावलं. एकदा खाचेवरून, एकदा शिडीवरून. खाचेवरून चढताना माझ्या हाताखालची माती ढासळली आणि मी गुडघ्यावर आपटलो. कोणी हसलं नाही. साहेब फक्त म्हणाले, “आन् तुमच्या डोक्यावर घमेलं बी नव्हतं.”

काँक्रीट एक दिवस पुढे गेलं. त्या संध्याकाळी मी त्यांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या.

पुढे लक्षात आलं की हा माणूस असाच आहे आणि सगळ्यांशी सारखाच आहे. खात्यातले बाकीचे अभियंते फटफटीवर फिरत. लोणारे साहेब सायकलीवर. कोणी विचारलं तर म्हणत, “सायकलीवरून खड्डा दिसते. फटफटीवरून फक्त रस्ता दिसते.” कामावर आले की आधी मोजमाप नाही, सिमेंट नाही, आधी काठावरची माती. खोदलेली माती मजूर तिथल्या तिथे काठावरच टाकतात, कारण लांब नेऊन टाकायला दुप्पट मेहनत. साहेबांनी काठापासून दीडेक मीटरवर चुन्याची रेघ मारायला लावली. माती, विटा, पाण्याचा ड्रम, काही म्हणून रेघेच्या आत नको. मी कुरकुर केली तेव्हा त्यांनी मला विचारलं, “माती बाहेर काढली म्हणून तिचं वजन गेलं का? तुमी ते खालून काढून त्याच खड्ड्याच्या डोक्यावर ठेवून राह्यले.”

संध्याकाळी काम सुटताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला. “उतरले तेवढे चढले का?” हा प्रश्न ते मुकादमाला विचारत, मला विचारत, आणि उत्तर मिळालं तरी स्वतः जाऊन खाली डोकावत. मजूर बायांनी त्यांचं नाव चढलेकासाहेब पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं.

कराराचे कागद आम्ही ठेकेदार सही करण्यापुरते पाहायचो. दर कुठे लिहिलाय, मुदत कुठे, एवढंच. मागे बारीक अक्षरात कामगारांच्या सुरक्षिततेच्या अटी छापलेल्या असत. खड्डा अमुक इतका खोल गेला की बाजू उतरत्या कापा नाहीतर लाकडाचा टेका द्या, बुडातून पोखरून माती पाडू नका, रस्त्याकडेला कुंपण घाला, रात्री कंदील लावा. त्या अटी पाठ असलेला मला भेटलेला हा एकटाच माणूस. एकदा मी म्हटलं, “खोदकाम मी मुकादमाले दिलं हाय सायेब. मानसं त्याची. काई झालं तर तो पाहून घेईन.”

ते सायकल उभी करून माझ्यासमोर बसले. एखाद्या पोराला गणित समजावावं तसं त्यांनी मला कायदा समजावला. काम कोणाचं? माझं. करारावर सही कोणाची? माझी. मुकादमाच्या हाताखालच्या माणसाला कामावर इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी पहिली माझ्यावर. ती मी मुकादमाकडून वसूल करू शकतो, पण जखमी माणसाला त्याच्याकडे हाकलून देऊ शकत नाही. निष्काळजीपणानं माणूस गेला तर फौजदारीही होऊ शकते.

“तुमचा मानूस आन् मुकादमाचा मानूस असे दोन मानसं नसतेत भाऊ,” ते म्हणाले. “खड्ड्यात एकच असते.”

त्यांच्या या काटेकोरपणामागे काहीतरी घडलेलं असणार, असं सगळे धरून चालायचे. कोणी म्हणे भाऊ विहिरीत गेला, कोणी म्हणे बाप. एकदा मी विचारलंच. त्यांना आश्चर्य वाटलं. “तसं काई नाई. बाप म्हातारपणी गेला, भाऊ खुशाल शेती करते. काई झाल्यावरच मानसानं शिकावं का?”

सगळ्यात गंमत झाली ती लाकडाची. वसतिगृहाच्या मागच्या बाजूला पाण्याची जमिनीतली टाकी होती, तिचा खड्डा सगळ्यात खोल. बाजू उतरत्या कापायला जागा नव्हती, म्हणजे टेका आला. फळ्या, बल्ल्या म्हणजे जाड वासे, आडवे दांडे. आता चारी बाजूंनी सागाचं रान, रोज गाड्या भरून लाकूड वडशाकडे जातंय आणि माझ्या खड्ड्याला लावायला लाकूड नाही. रानातून एक फांदी आणली तरी गुन्हा. मी सुटकेचा निःश्वास टाकून साहेबांना म्हटलं, “आता काय करता? लाकूडच नाई.” दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन वडशाच्या लाकूड डेपोत गेले. तिथल्या अधिकाऱ्यापुढे बसून त्यांनी वाकड्या, फाटलेल्या, लिलावात कोणी न घेतलेल्या बल्ल्या मागितल्या. अधिकारी म्हणाला, “वाकडं लाकूड काय कामाचं?” साहेब म्हणाले, “मातीले काई फरक पडत नाई, मानसाले पडते.” अधिकारी हसला आणि रीतसर पास करून त्यानं लाकूड दिलं. येताना ट्रकमध्ये बल्ल्यांवर बसून साहेब आख्खा रस्ता जुनी गाणी गुणगुणत आले. आवाज बेसूर होता, पण ते फार खुशीत होते.

तो टेका लागला, टाकी झाली आणि काहीही झालं नाही. मला मनात वाटून गेलं की एवढा खटाटोप फुकट गेला. असं वाटणं किती सोपं असतं, हे मला त्याच वर्षी दिवाळीच्या आधी कळलं.

वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर गावच्या पाणीयोजनेची नळवाहिनी टाकायचं काम चालू होतं. ते काम दुसऱ्या खात्याचं. ठेकेदार पुंडलिकराव, साठीचे, जुने, मोठा माणूस. आणि लोणारे साहेबांचे उपकारकर्ते. साहेब नागपूरला शिकत असताना पुंडलिकरावांच्या घरी राहिले, जेवले. साहेब त्यांना काका म्हणत. काकांची चारी, म्हणजे नळासाठी खोदलेला लांब खड्डा, सरळ उभी कापलेली होती, माती काठावर, शिडी नाही, टेका नाही. शेजारच्या बांधीत पाणी साचलेलं. साहेब जाता-येता थांबून सांगत. काका म्हणत, “प्रल्हाद, हे तुह्या खात्याचं काम नाई.”

त्या दिवशी दुपारी मी आमच्या भिंतीवर होतो. आरडाओरड ऐकू आली. पळत गेलो तर चारीची एक बाजू बसली होती आणि सोमाजी नावाचा मजूर छातीपर्यंत मातीत गाडला गेला होता. डोकं आणि एक हात वर. तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. श्वास घ्यायला छाती फुगतच नव्हती. काठावर माणसांची गर्दी, काही जण कुदळी घेऊन उडी टाकायच्या बेतात. आणि सोमाजीची बायको ताराबाई, जी तिथेच घमेली वाहत होती, ती काठावरून खाली झोकून देणार एवढ्यात लोणारे साहेबांनी तिला धरलं. ते कुठून आले, केव्हा आले, मी पाहिलं नाही. सायकल रस्त्यात आडवी पडली होती, चाक फिरत होतं.

ताराबाई सुटायला धडपडत होती. तिनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्यांनी हात सोडला नाही. ओरडले नाहीत. मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, “सगळे मांगं सरा. तुमच्या वजनानं दुसरी बाजू याच्या डोक्यावर येईन. मांगं सरा.”

लोक सरेनात. एक जण म्हणाला, “मानूस मरून राह्यला आन् तुमी थांबवता?”

“दोन मरू नाई म्हणून थांबवून राह्यलो.” मग माझ्याकडे पाहून, “भाऊ, टाकीच्या फळ्या-बल्ल्या. सगळ्या. लवकर.”

तो टेका आम्ही आदल्या आठवड्यात काढून रचून ठेवला होता. आमच्या माणसांनी त्या बल्ल्या खांद्यावर घालून पळवत आणल्या. तेवढ्या वेळात साहेबांनी काठावरची माती मागे ओढायला लावली, शेजारी चालू असलेला ट्रक बंद करायला लावला, ताराबाईला दोन बायांच्या हवाली केलं. उभ्या राहिलेल्या बाजूला फळ्या टेकवल्या, आडव्या बल्ल्या ठोकून बसवल्या. प्रत्येक घावाला सोमाजीचे डोळे वर फिरत होते. मला तो वेळ अजून सोसत नाही. समोर माणूस घुसमटतोय आणि आपण सुतारकाम करतोय.

मग शिडी लागली आणि साहेब स्वतः उतरले. सोबत आमचा एक गवंडी. कुदळ नाही, फावडं नाही. हातांनी आणि घमेल्यानं. छातीपुढची माती मोकळी झाली आणि सोमाजीनं पहिला श्वास ओढला. तो आवाज काठावरच्या सगळ्यांना ऐकू आला.

कमरेपर्यंत मोकळा झाला असेल नसेल, तोच दुसरी बाजू हलली. फळ्यांमागे माती धाडकन बसली, एक बल्ली कडाडली, वाकली आणि तशीच राहिली. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ते सोमाजीला सांगत होते, “पाय सोडव हळू. जोर नको लावू. तुह्या घरी भात कोणता लावला यंदा? सांग ना.” आणि सोमाजी खरंच, तुटक तुटक, धानाचं नाव सांगत होता.

तो जिवंत निघाला. एक पाय मोडला होता, तो पुढे थोडा आखूडच राहिला. त्याला गाडीत घालून नेल्यावर साहेब बांधावर जाऊन बसले. शर्ट कुठे पांढरा होता ते सांगता आलं नसतं. मनगटातून रक्त येत होतं. मी पाणी दिलं. त्यांनी आधी मनगट धुतलं, मग उरलेलं पाणी प्यायले.

दोन दिवसांनी मी त्यांच्या क्वार्टरवर बसलो होतो. त्यांची म्हातारी आई ओसरीत तांदूळ निवडत होती. ती त्यांच्याजवळच असायची. डोळ्यांनी अधू, पण कान तिखट. पुंडलिकराव आले. बसले. खाली पाहत म्हणाले, “प्रल्हाद, पोलीस तुही साक्ष घेईन. कामगार अधिकारी बी येते. तू येवढंच सांग की जेवणाची सुट्टी होती, सोमाजी कोणी न सांगता उतरला. त्याचं मी पाहून घेईन. त्याले उपाशी नाई ठेवत मी.”

आईचे तांदळातले हात थांबले.

“काका, मी तुमच्या घरचं अन्न खाल्लं,” ते म्हणाले. “हे मी कोणालेबी सांगीन. पण सोमाजी तुमच्या कामासाठी उतरला होता. सुट्टी नव्हती. मी पाह्यलं ते सांगीन.”

“म्हणजे तू माह्या हातात बेड्या घालशील.”

“मी तुमच्या हाताबद्दल काईच सांगणार नाई. चारी कशी होती ते सांगीन. आन् बांधीतलं पाणी कुठी होतं ते.”

पुंडलिकराव उठले. चहा तसाच राहिला. म्हातारीनं ओसरीतून विचारलं, “पल्ल्या, गेले का रे ते?” साहेब म्हणाले, “हो माय.” ती म्हणाली, “त्यायच्या घरी तुले पहिलं ताट वाढत. विसरू नको.” साहेब म्हणाले, “नाई विसरलो, म्हणूनच जड जाते.”

साक्ष झाली. साहेबांनी पाहिलं तेच सांगितलं, तिखटमीठ न लावता. कायद्यानं सोमाजीला भरपाई मिळाली. त्यानं गावात किराण्याचं लहान दुकान टाकलं. पुंडलिकरावांवर खटला चालला, दंडावर निभावलं. त्यांनी साहेबांशी बोलणं टाकलं ते कायमचं. पण पुढच्या वर्षी आरमोरीच्या रस्त्याला त्यांचं एक काम मी जाताना पाहिलं, तर काठ मोकळा, खड्ड्याला फळ्यांचा टेका, आणि शिडी. मी धावत येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “शिडी वरतून निघते का?” मी म्हटलं, “निघते.” मग ते त्या दिवशी पुन्हा गाणं गुणगुणायला लागले. पुंडलिकरावांच्या घरचं कोणी वारलं तेव्हा साहेब गेले, खांदा दिला, ओसरीत सगळ्यांसोबत बसले आणि उठून आले.

ताराबाई एकदा नवऱ्याला घेऊन कचेरीत आली होती. पदरात तांदूळ बांधून आणलेले. साहेबांना चावल्याचं तिला फार लागून राहिलं होतं. साहेब म्हणाले, “बाई, तुमी चावल्या म्हणून मी शुद्धीवर राह्यलो. नाईतर मीबी उडी टाकली असती.” हे तिचं मन राखायला होतं की खरं होतं, मला कधी कळलं नाही. तांदूळ त्यांनी घेतले आणि त्याच दुपारी कचेरीत भात शिजवून सगळ्यांना वाढायला लावला. त्या दोघांनाही.

मग त्यांची बदली नांदेडकडे झाली. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही. मी पुढे बरीच कामं केली. कुरखेडा, वडसा, खाली आलापल्लीपर्यंत. नवा अभियंता शिडी विचारत नसे. मी मुकादमाला विचारायचो. मजूर म्हणायचे, हा ठेकेदार वेडा आहे. माझ्या कामावर माणसं पडली, खरचटली, भांडली. पण मातीखाली कोणी गेलं नाही.

ते दशक संपायच्या सुमाराला, ऑक्टोबरात चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गर्दी होती. मी घरच्यांना घेऊन गेलो होतो. पुस्तकांच्या दुकानापाशी लोणारे साहेब दिसले. केस पिकायला लागले होते. एका हातात पुस्तकांची पिशवी, दुसरा हात आईच्या कोपराखाली. तिला आता जवळजवळ दिसत नव्हतं. मी पुढे होऊन नमस्कार केला. त्यांनी मला नावानं ओळखलं, बायकोची चौकशी केली, कुठे काम चालू आहे विचारलं.

मी म्हटलं, “सायेब, एक सांगायचं होतं. इतकी वर्षं झाली, माह्या कामावर कोणाले काई झालं नाई. ते तुमच्यामुळं.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. “माह्यामुळं नाई. तुमी रोज विचारलं म्हणून.” मग म्हणाले, “रात्री झोप लागते का नीट?”

“लागते सायेब.”

“बरं हाय,” ते म्हणाले. “मले सोमाजीचं ते तोंड अजून दिसते. फळ्या ठोकताना वाटून राह्यलं होतं, आपलं चुकलं तर.” ते हसले. “तुमाले झोप लागते ना, बरं हाय.”

एवढी वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी त्यांना एकट्यालाच खात्री होती. आई म्हणाली, “पल्ल्या, गाडी जाईन रे.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, सोडला आणि ते निघाले.

मी त्यांना गर्दीतून बसपर्यंत जाताना पाहत राहिलो. एसटीच्या दारात लोक लोटालोटी करत होते. साहेब बाजूला थांबले, सगळ्यांना चढू दिलं. मग पिशवी खांद्याला अडकवून त्यांनी आईचा एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा ठेवला, आणि ती वर वाकली तेव्हा दाराच्या लोखंडी चौकटीला आपला तळहात लावून धरला, तिच्या कपाळाला लागू नये म्हणून. ती आत गेली. तिला कळलंही नसेल. मग तेही चढले आणि गाडी निघाली.